नोजवर कोण उभं राहणार? हायस्कूल फुटबॉलचा डिफेन्सिव्ह फ्रंट कसा ठरतो

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुरू करतोय. न्यू जर्सीतून एका मुलाने पाठवलीय. अकरावीत आहे, घरी मराठी बोलतात, शाळेच्या टीममधून अमेरिकन फुटबॉल खेळतो. तो म्हणतो, "दादा, मागच्या वर्षी आमची टीम फोर-थ्री खेळायची, मी डिफेन्सिव्ह टॅकल होतो. या वर्षी नवीन कोच आलेत. त्यांनी थ्री-थ्री स्टॅक आणलाय आणि मला नोजवर टाकलंय. माझं वजन ७८ किलो. समोर सव्वाशे किलोची पोरं असतात. आई म्हणते सोडून दे. बाबा म्हणतात कोचला विचार. पण मी नेमकं काय विचारू?"

प्रश्न छोटा वाटतो, पण त्यात सगळं आलं. कोच फ्रंट का बदलतो, आणि तो बदलला की एका सोळा वर्षांच्या पोराच्या अंगावर नेमकं काय येतं. मी स्वतः ओहायोतल्या एका छोट्या शाळेच्या टीमला काही वर्षं मदत केलीय, बिनपगारी असिस्टंट म्हणून. तिथे एक चूक केली होती. तीही सांगणार आहे, पण जरा पुढे.

आधी खेळ, दोन मिनिटांत

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मेस्सी. हा तो नाही. इथे अकरा विरुद्ध अकरा, हेल्मेट, खांद्यावर पॅड. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा चार संधी. डिफेन्सचं काम त्यांना रोखायचं.

आता डिफेन्समध्ये बॉलच्या जवळ जी मंडळी उभी असतात, त्यांच्या मांडणीला फ्रंट म्हणतात. ४-३ म्हणजे पुढे जमिनीवर हात टेकून चार लाइनमन, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर. उरले चार, ते पास अडवायला मागे. ३-४ म्हणजे तीन लाइनमन, चार लाइनबॅकर. ३-३ म्हणजे तीन-तीन आणि मागे पाच. आकड्यांचं गणित एवढंच. पण खरी गोष्ट आकड्यांत नाहीये, फटींमध्ये आहे.

सात दारं, सात राखणदार

समोरच्या टीमची लाइन डोळ्यांसमोर आणा. मधोमध सेंटर, जो बॉल मागे देतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड. त्यांच्या बाहेर टॅकल. झाले पाच. बऱ्याचदा एका टोकाला सहावा असतो, टाइट एंड. या माणसांमधल्या प्रत्येक फटीला नाव आहे. सेंटर आणि गार्डमधली ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी, टाइट एंडच्या बाहेरची डी. मोजा: दोन ए, दोन बी, दोन सी, एक डी. सात.

एखाद्या वाड्याला सात दारं आहेत असं समजा. चोर कुठल्या दारातून येईल माहीत नाही. मग प्रत्येक दारावर एक माणूस हवा, आणि त्याला माहीत हवं की हे दार माझं. ४-३ मध्ये चार अधिक तीन म्हणजे सात माणसं, सात दारं. म्हणून तो शिकवायला सोपा. एकाने दार सोडलं आणि शेजारच्याच्या मदतीला धावला की खेळ संपला, कारण समोरचा रनिंग बॅक नेमकी तीच फट शोधत असतो.

आता कोण कुठे उभं राहणार, यालाही आकडे आहेत. सेंटरच्या बरोब्बर नाकासमोर उभा तो शून्य टेक्निक. त्यालाच नोज म्हणतात. सेंटरच्या खांद्यावर उभा तो १, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरचा ३, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावरचा ५, टाइट एंडच्या बाहेरचा ९. या आकड्यांच्या पद्धतीचं श्रेय बम फिलिप्स यांना दिलं जातं. पुढे ते ह्यूस्टन ऑयलर्सचे हेड कोच झाले, पण त्याआधी १९५०च्या दशकात ते टेक्सासमध्ये हायस्कूलचे कोच होते. आज टीव्हीवर कॉमेंटेटर ज्या भाषेत बोलतात ती शाळेच्या मैदानावरच्या गरजेतून आलीय. पोरांना पटकन कळावं, एवढीच ती गरज.

एक गॅप की दोन?

इथे जरा थांबू, कारण आपल्या मित्राच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

डिफेन्सिव्ह लाइनमनला दोन प्रकारची कामं देता येतात. एक, "ही फट तुझी, शिट्टीसारखा आत घुस." याला एक-गॅप म्हणतात. दुसरं, "समोरच्या माणसाला छातीवर धर, जागेवर थोपव, आणि बॉल ज्या बाजूला जाईल त्या बाजूची फट बंद कर." म्हणजे त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही फटी तुझ्या. हे दोन-गॅप.

दोन-गॅपसाठी ताकद लागते, वजन लागतं, कमरेत जोर लागतो. जुन्या वळणाच्या ३-४ मध्ये नोजकडे हेच काम असतं: दोन्ही ए गॅप त्याच्या, आणि वर सेंटर आणि गार्ड दोघे मिळून त्याला ढकलत असतात. व्यावसायिक टीम या जागेसाठी दीडशे किलोचा माणूस शोधून आणतात. शाळा कुठून आणणार?

एक-गॅपला मात्र चपळाई लागते. बॉल हलला रे हलला की पहिलं पाऊल कोणाचं, यावर सगळं ठरतं.

कुठला फ्रंट काय मागतो

प्रत्येक फ्रंट कुठल्या तरी अडचणीतून जन्मला. १९५०च्या दशकात न्यूयॉर्क जायंट्सचा डिफेन्स सांभाळताना टॉम लँड्री यांनी ४-३ ला आकार दिला. हा फ्रंट चार चांगले लाइनमन मागतो आणि मधोमध एक असा लाइनबॅकर, जो या रेषेपासून त्या रेषेपर्यंत धावू शकेल. तो पोरगा तुमच्याकडे असेल तर ४-३ सारखं सुख नाही. नसेल तर मधोमध भगदाड.

५-२ त्याहून जुना, ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या बड विल्किन्सन यांच्या नावाशी जोडलेला. पुढे पाच जण. समोरची टीम दरवेळी बॉल घेऊन मधूनच घुसत असेल तर अजूनही उपयोगी. त्याच ५-२ चे टोकाचे दोघे हात न टेकता उभे राहिले की जवळजवळ ३-४ होतो. नातं इतकं जवळचं आहे.

४-४ शाळांमध्ये बराच दिसतो. आठ माणसं पुढे, म्हणजे दोन टाइट एंड आले आणि दारं आठ झाली तरी राखणदार पुरतात. पण मागे तिघेच उरतात. समोर चांगला पास फेकणारा क्वार्टरबॅक असेल तर रात्र मोठी होते.

३-३ स्टॅक कॉलेजमध्ये १९९०च्या दशकात जो ली डन यांच्यामुळे ओळखीचा झाला. तीन लाइनमन आणि प्रत्येकाच्या बरोब्बर मागे एक लाइनबॅकर, एकावर एक रचल्यासारखे. म्हणून स्टॅक. गंमत अशी की सहा जण कुठल्या सहा फटींत शिरणार ते समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. नोज डावीकडे गेला तर मागचा लाइनबॅकर उजवीकडे. सातव्या फटीसाठी मागच्या पाचांतला एक सेफ्टी पुढे येतो. हा फ्रंट धिप्पाड पोरं मागत नाही, चपळ पोरं मागतो.

आणि ४-२-५. टेक्सास क्रिश्चन युनिव्हर्सिटीत गॅरी पॅटरसन यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. मैदानभर पसरून खेळणाऱ्या टीमसमोर एक लाइनबॅकर कमी करून एक धावरा सेफ्टी वाढवायचा.

शाळेचं गणित वेगळं का

टीव्हीवर बघून फ्रंट निवडायचा मोह होतो. पण व्यावसायिक टीम आधी फ्रंट ठरवते आणि मग त्यात बसणारा माणूस विकत घेते. कॉलेज स्कॉलरशिप देऊन मुलं आणतं. सर्वसाधारण सरकारी हायस्कूलला गावातली जी पोरं आली ती आली. एखाद्या वर्षी तीन दांडगे लाइनमन बारावी पास होऊन जातात आणि पुढच्या वर्षी त्या जागेला कोणीच नसतं.

आपल्या गावातल्या कबड्डी मंडळात हेच होतं की. मंडळाचे जुने खेळाडू आधी पोरं बघतात. कोणाचा हात घोट्यावर पक्का बसतो, तो कोपऱ्यात. कोणाच्या खांद्यात धडक आहे, तो कव्हरला. मग साखळी कोणाची कोणाशी, ते ठरतं. आधी साखळी ठरवून मग कोपरा शोधत कोणी फिरत नाही.

दुसरं, छोट्या शाळांत तीच पोरं दोन्हीकडे खेळतात. बॉल आपल्याकडे असताना जो गार्ड, तोच डिफेन्सला टॅकल. हायस्कूलचा सामना बहुतेक राज्यांत ४८ मिनिटांचा, बारा-बारा मिनिटांचे चार भाग. शेवटच्या भागात त्या पोराचे पाय शिशासारखे जड झालेले असतात. पाच लाइनमन लागणारा फ्रंट घेतला तर तुमचे पाचही गडी थकलेले. तीन लागणारा घेतला तर निदान आळीपाळीने विश्रांती देता येते.

तिसरं, समोर दर शुक्रवारी वेगळंच काहीतरी. या आठवड्यात विंग-टी खेळणारी टीम, जी गार्डना धावायला लावून फसवते. पुढच्या आठवड्यात पाच जण मैदानभर पसरवून पास फेकणारी. त्याच्या पुढच्या आठवड्यात ऑप्शन. सोमवार ते गुरुवार, शाळा सुटल्यानंतरचे दोन-अडीच तास, एवढाच वेळ. त्यातही पूर्ण धडकेचा सराव किती मिनिटं करायचा यावर अनेक राज्यांत मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी. दर आठवड्याला नवीन फ्रंट शिकवणं शक्यच नाही.

चौथी गोष्ट टीव्हीवर कधीच कळत नाही. मैदानाची रुंदी सगळीकडे सारखीच, १६० फूट. पण बॉल जिथे ठेवतात त्या हॅश खुणा वेगळ्या. एनएफएलमध्ये त्या बाजूच्या रेषेपासून ७० फूट ९ इंचांवर, म्हणजे जवळजवळ मध्यावर. हायस्कूलमध्ये ५३ फूट ४ इंचांवर, मैदानाचे सरळ तीन समान भाग. बॉल डाव्या हॅशवर असेल तर एका बाजूला ५३ फूट आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ १०७ फूट. दुप्पट! म्हणून शाळेचे कोच बऱ्याचदा सांगतात की तुझा सगळ्यात वेगवान माणूस नेहमी रुंद बाजूला ठेव आणि दणकट माणूस अरुंद बाजूला. तिकडे बाजूची रेषा हाच एक जास्तीचा डिफेंडर असतो. एनएफएलचा फ्रंट जसाच्या तसा उचलला तर हे मोकळं रान उघडं राहतं.

माझी चूक

आता ती गोष्ट. आमच्याकडे त्या वर्षी लाइनबॅकरच्या अंगाची पोरं भरपूर होती. उंच, सडपातळ, पळणारी. लाइनमन मात्र मोजून तीन-चार. मी मीटिंगमध्ये हट्ट धरला की ३-४ खेळू या, चार लाइनबॅकर एकदम मैदानावर येतील. हिशेब बरोबर होता. हेड कोचनी विचारलं, "नोजला कोण?" मी म्हटलं, बघू, कोणीतरी शिकेल.

शिकायला एक पोरगा तयार झाला. ७७ किलो. कधीच नाही न म्हणणारा. त्याला आम्ही दोन-गॅप शिकवलं: सेंटरला थोपव, दोन्ही बाजू बघ. पहिले दोन सामने निभावले. तिसऱ्या सामन्यातल्या टीमने व्हिडिओ बघितला असणार. सेंटर आणि गार्ड दोघांनी मिळून त्याला उचलून मागे न्यायचं आणि मग एकाने सुटून आमच्या लाइनबॅकरला गाठायचं. पुन्हा पुन्हा तेच. ज्या चार लाइनबॅकरसाठी मी हट्ट धरला होता, ते चौघे त्या गर्दीत अडकून पडले.

तो दर डाउननंतर उठायचा. बाजूला आला की मी विचारायचो, ठीक आहेस ना? तो म्हणायचा, ठीक आहे कोच. शनिवारी सकाळी सामन्याचा व्हिडिओ लावला तेव्हा मला दिसलं की उत्तरार्धात तो उठताना प्रत्येक वेळी डावा हात पोटाशी धरत होता. खांदा गेला होता. मैदानात वीस पावलांवर उभा राहून मला ते दिसलं नव्हतं, कारण मी बॉल बघत होतो.

तो तीन आठवडे बाहेर होता. परत आला तोवर हेड कोचनी मांडणी बदलली होती. लाइनमन तीनच, पण काम एक-गॅप. बॉल हलला की तिरका घुस, दुसऱ्या फटीची काळजी मागचा करेल. तोच पोरगा, तेच वजन. आता सेंटरचा हात त्याच्या छातीला लागायच्या आत तो अर्धा पलीकडे गेलेला असायचा. आम्ही त्या वर्षी जिंकण्यापेक्षा हरलोच जास्त, खोटं कशाला बोलू. पण ऑक्टोबरमध्ये तो सरावाला पळत यायला लागला, सप्टेंबरमध्ये चालत यायचा. त्याची माफी मी सीझन संपल्यावर मागितली. आधी मागायला हवी होती.

मग निवडायचं कसं

आज मला कोणी विचारलं तर मी या क्रमाने जाईन.

पहिलं, फळ्यावर फ्रंट काढायच्या आधी पोरांची नावं लिहा, आणि सगळ्यात दुर्मीळ जागेपासून सुरुवात करा. नोजला माणूस आहे का? खरोखर आहे का, की "शिकेल कोणीतरी"? नसेल तर दोन-गॅप नोज मागणारा प्रत्येक फ्रंट त्याच क्षणी खोडा.

दुसरं, तुमच्या गटातल्या टीम काय खेळतात ते मोजा. दहापैकी सात सामने धावून खेळणाऱ्या टीमशी असतील तर पुढे सात-आठ माणसं ठेवणारा फ्रंट मूळ धरा. पास जास्त असेल तर मागे पाच.

तिसरं, एकच फ्रंट आणि त्यातला एक बदल. ४-३ असेल तर अख्खी लाइन एक जागा टाइट एंडच्या बाजूला किंवा उलट बाजूला सरकवणं, एवढा बदल पुरतो. पाच फ्रंट अर्धवट येण्यापेक्षा एक झोपेत उठवलं तरी आला पाहिजे.

चौथं, माझी आवडती चाचणी. संघातल्या सगळ्यात नवख्या पोराला विचारा, "तुझं दार कुठलं?" त्याने एका वाक्यात सांगितलं पाहिजे. तो "जर ते असे उभे राहिले तर... पण मग तसं असेल तर..." करायला लागला, की समजा फ्रंट त्याच्यासाठी फार अवघड झालाय. विचार करणारा डिफेंडर अर्धी सेकंद उशिरा पोचतो.

आता न्यू जर्सीच्या मित्रासाठी

हे बघ, नोज म्हटलं म्हणजे एकच काम नसतं, हे तुला आता कळलं असेल. ३-३ स्टॅकमध्ये ७८ किलोचा नोज ही काही वेडेपणाची गोष्ट नाही. उलट तुझ्या कोचनी तुझा वेग बघून तुला तिथे ठेवलं असण्याची बरीच शक्यता आहे. पण शक्यतेवर राहू नकोस. सरावाच्या आधी, सगळ्यांसमोर नाही, एकटे असताना त्यांना तीन गोष्टी विचार.

एक: "कोच, मला एक गॅप आहे की दोन?" एक असेल तर छान. दोन असेल तर स्पष्ट सांग की मला सेंटर एकटा थोपवता येतो, पण दोघे आले तर मी मागे ढकलला जातो. तक्रार म्हणून सांगू नकोस, माहिती म्हणून सांग. कोचला ती लागते.

दोन: "दोघे मिळून आले तर मी काय करायचं?" याचं ठरलेलं उत्तर असायला हवं. बहुतेक कोच सांगतात की खाली बस, एक गुडघा टेक, जागा सोडू नकोस, तिथे ढीग होऊ दे. तू दोघांना अडकवलंस तर तुझ्या मागचा लाइनबॅकर मोकळा झाला. स्कोअरशीटवर तुझं नाव येणार नाही, पण ते तुझंच टॅकल असतं.

तीन: "माझ्या जागी दुसरा कोण?" नोज ही आळीपाळीने खेळायची जागा आहे. ४८ मिनिटं एकट्याने खेळायची नाही.

आणि वजन वाढवायच्या नादात दोन महिन्यांत पंधरा किलो चढवू नकोस. तुझं भांडवल पहिलं पाऊल आहे, तेच जड होईल.

शेवटचं, हे आईलाही ऐकव. डोकं हाताने झाकून, खाली घालून धडकायचं नाही, कधीच नाही. आणि डोक्याला लागलं, गरगरलं, उजेड डोळ्यांत टोचला, तर "ठीक आहे कोच" म्हणायचं नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली शाळकरी खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतीबद्दल कायदा केला, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. मेंदूला मार लागल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत मैदानात नाही. नियम तुझ्या बाजूने आहे. पण त्याचा उपयोग तू तोंड उघडलंस तरच.

सोडायचं की खेळायचं हे तुझं तू आणि घरचे ठरवा. मी एवढंच सांगेन की आधी ते तीन प्रश्न विचार, उत्तरं ऐक, मग ठरव. आणि काय झालं ते मला कळव, पुढच्या भागात सगळ्यांना सांगू.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्यापैकी कोणी कबड्डीत कोपरा खेळत असाल तर मला व्हॉइस नोट पाठवा, तुमच्या साखळीत कोण कुठे ते कोण ठरवतं ते ऐकायचंय. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.